गाडीच्या छताचं अस्तर

खापरखेड्यात जुन्या गाड्या पुष्कळ. वीज केंद्रात कामाला जाणारे, कोळसा खाणीत जाणारे, रोज नागपूर गाठणारे. कोणाकडे सेकंडहँड, कोणाकडे तिसऱ्या हाताची गाडी. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत एक दृश्य ठरलेलं असतं. छताचं कापड सुटून फुग्यासारखं खाली आलेलं, मागे बसणाऱ्याच्या केसांना लागणारं, आणि ते सावरायला ठिकठिकाणी टाचण्या टोचलेल्या. कारण विचारलं की उत्तर एकच, "गोंद सुटला. आपल्याकडचं ऊन माहीतच आहे."

ऊन तर आहेच. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हात बंद उभ्या गाडीच्या छताखाली काय होत असेल याची कल्पना करावी. पण गोंद सुटला हे अर्धसत्य आहे. ते कापड का पडतं, आणि आपल्या आजोबांच्या काळातल्या गाड्यांत ते असं का पडत नव्हतं, हे शोधत गेलं की गोष्ट गॅरेजमधून निघून थेट तंबूत पोहोचते.

उर्दूत वस्त्राच्या बाहेरच्या कापडाला 'अबरा' म्हणतात आणि आतल्याला 'अस्तर'. अबरा मराठीत उशीचा अभ्रा होऊन आला. अस्तरही फारसीतून येऊन मराठीत इतका मुरला की शिंप्याच्या दुकानात तो परका आहे असं कोणाला वाटत नाही. तंबूलाही अस्तर असायचं. 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजलने फर्राशखान्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आहे. मोठ्या बारगाहमध्ये दहा हजारांहून जास्त माणसं मावत आणि तो उभारायला हजार फर्राशांना यंत्रांच्या मदतीने आठवडा लागे, अशी नोंद त्यात आहे. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांच्या यादीतही फरासखाना आहे, आणि पुण्यात एका पोलीस ठाण्याच्या नावात तो शब्द आजही जिवंत आहे.

१६६४-६५ मध्ये औरंगजेबाच्या लष्कराबरोबर काश्मीरला गेलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने बादशाही तंबूचं वर्णन केलं आहे. बाहेरून लाल कापड, आतून मछलीपट्टणमचं हाताने रंगवलेलं फुलाफुलांचं छीट. आत उभ्या माणसाला बागेत असल्यासारखं वाटावं, असं ते अस्तर. टिपू सुलतानाचा असाच एक छिटाचा तंबू वेल्समधल्या पोविस किल्ल्यात जपून ठेवला आहे. या सगळ्या तंबूंत एक गोष्ट समान होती. अस्तर शिवलेलं, बांधलेलं, ताणलेलं असायचं. सैल झालं तर पुन्हा ओढायचं, उसवलं तर टाका घालायचा.

सुरुवातीच्या मोटारी बनवणारे बरेचसे कारागीर घोडागाड्या बनवणाऱ्यांतलेच होते. त्यामुळे मोटारीचं छतही बग्गीसारखं लाकडी कमानींवर ताणलेल्या कापडाचं असे. बंद मोटारींतही छताच्या मधल्या भागात बराच काळ कापडच असायचं, कारण एवढा मोठा पत्रा एका दाबात वाकवता येत नव्हता. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांसाठी अख्ख्या पोलादी पत्र्याचं छत आणलं आणि ते 'टरेट टॉप' म्हणून गाजवलं. पत्रा मजबूत, पण तो तापतो, थंडीत गारठतो आणि पावसात ढोल वाजतो. त्याच्या खाली कापड हवंच होतं. बाहेरचं कापड गेलं, आतलं अस्तर राहिलं.

आपल्याकडच्या दोन प्रसिद्ध गाड्या याच घराण्यातल्या. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाअखेरीपासून २०१४ पर्यंत बनली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याला बनली. त्या पिढीच्या गाड्यांत छताच्या अस्तराला आडवे नेफे शिवलेले असत. हो, परकराला असतो तोच नेफा. फक्त नाडीऐवजी त्यात पोलादी तार घालायची. तारेची दोन्ही टोकं छताच्या कडेला अडकवायची आणि चारी बाजूंनी कापड ओढून कडेला चिकटवायचं. मध्ये गोंदाचा थेंबही नाही. ते छताला लटकलेलं असायचं, शामियान्यासारखं.

असं अस्तर सैल पडलं तर दुरुस्ती सोपी. कडेचं रबर काढा, कापड सोडवा, ओढून पुन्हा चिकटवा. फाटलं असेल तर जुनं कापड मापाला ठेवून नवं शिवा. एक पथ्य मात्र पाळावं लागे: तारा काढताना त्यांना नंबर घालायचे, कारण प्रत्येक तारेचा बाक वेगळा. पुढची मागे गेली की छताला सुरकुती आलीच.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी तर या छताची हौसच केली. रंगीत, फुलाफुलांचं, चकाकतं रेक्झिन वर लावायचं, म्हणजे प्रवाशाने मान वर केली की बागच. मछलीपट्टणमचं छीट टॅक्सीत आलं म्हणायला हरकत नाही. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' नावाच्या उपक्रमाने तरुण चित्रकारांकडून टॅक्सीच्या सीटसाठी आणि छतासाठी खास कापडं करून घेतली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या नियमानुसार रस्त्यावरून उतरली आणि ती छतंही गेली.

पुढच्या गाड्यांत रीत बदलली. छताच्या आकाराचा एक दाबलेला बोर्ड, त्यावर कापड, आणि दोघांच्या मध्ये काही मिलिमीटर जाडीचा फोम. हा फोम पॉलियुरेथेनचा. १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुझेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. कारखान्यात सोयीचं, दिसायला गुळगुळीत, बसवायला झटपट. पण उष्णता आणि दमट हवा यांनी या फोमचे धागेदोरे तुटत जातात. आमच्याकडे आधी तीन-चार महिने भट्टी, मग लगेच पावसाळा. दहा-पंधरा वर्षांत फोमचा पिवळा भुगा होतो. गोंद बोर्डाला धरून असतो, कापडही शाबूत असतं. मधला फोमच मेलेला असतो. म्हणून टाचण्या टिकत नाहीत, आणि सुईने आत गोंद सोडला तर डाग तेवढे पडतात. भुग्याला काहीही चिकटत नाही.

खरी दुरुस्ती एकच. सन व्हायजर, हँडल, दिवा, कडेच्या पट्ट्या काढून अख्खा बोर्ड न वाकवता डिकीच्या दाराने बाहेर घ्यायचा. ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग छताच्या कडेला असतात, तिथे हे काम जाणकारानेच करावं. टाचणी किंवा गोंद त्या कडेला लागता कामा नये. मग तोंडाला फडकं बांधून ब्रशने जुना फोम पूर्ण खरवडायचा. याच कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि घाईतला माणूस नेमका इथेच हात आखडता घेतो. नंतर फोम लावलेलं नवं कापड, उष्णता सोसणारं सोल्युशन बोर्डाला आणि फोमला दोन्हीकडे, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, आणि मधून कडेकडे तळहाताने बसवत जायचं. दिव्याची भोकं सगळ्यात शेवटी.

हे काम करतो कोण? आमच्या भागात अनेकदा कुशनवाला, आणि त्याचं घर अनेकदा पिंजाऱ्याचं. पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी अशी नावं असलेला हा मुस्लिम समाज पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजत आला. विदर्भ कापसाचा मुलूख. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली तीही त्याच जोरावर. दारोदार जाऊन गाद्या पिंजणाऱ्याचा तो टणत्कार माझ्या पिढीने ऐकलेला आहे. मग फोमच्या तयार गाद्या आल्या आणि पिंजणं थांबलं. ते हात सोफ्याकडे, सीट कव्हरकडे, गाडीच्या छताकडे वळले. ज्या फोमने आजोबांचं पिंजण खुंटीला टांगलं, त्याच फोमचा भुगा आज नातू खरवडतो आहे, आणि त्यावर त्याचं घर चालतं आहे.

हा योगायोग मला गंमतीचा वाटत नाही. आपल्याकडे शामियान्याचा मालक इतिहासात येतो, मोटारीचा कारखानदार येतो, रसायनाचा शोधकही येतो. अस्तर ताणणारा येत नाही. अबुल फजलने निदान फर्राशांची संख्या तरी लिहिली. आपण तेवढंही करत नाही. आणि आता बोर्डच नवा मागवा, नाहीतर गाडीच भंगारात द्या, असा सल्ला सर्रास मिळू लागला आहे. मग हे कसब शिकायला पुढचा मुलगा बसेल तरी कशाला?

शाळेत मुलांना मी कधीकधी घरच्या धंद्यातले शब्द लिहून आणायला सांगतो. शेतकऱ्यांची मुलं पानभर आणतात. कुशनवाल्यांची मुलं मात्र 'घरी काही विशेष काम नाही' म्हणून गप्प बसतात. पुढच्या वेळी नेफा, अस्तर, सोल्युशन या तीन शब्दांनी फळ्यावर सुरुवात मीच करणार आहे. बाकीचे शब्द त्यांच्याकडे आहेत.