आधी स्वातंत्र्य, मग तुमचं बघू

'फेज टू' म्हणजे काय, हे आयटीतल्या कुणाला सांगायला नको. क्लायंटला तोंडावर नाही म्हणता येत नसलं की आपण म्हणतो, हे फेज टूमध्ये घेऊ. ती फेज बहुतेक वेळा येतच नाही! राजकारणात ही युक्ती फार जुनी आहे. आधी राजकीय की आधी सामाजिक, या वादापायी आगरकर १८८७ साली 'केसरी'तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. शाळेत हे आपण मार्कांपुरतं पाठ केलं. मला त्या वादाची खरी धार कळली ती सायमन न्कोलीबद्दल वाचताना.

न्कोली दक्षिण आफ्रिकेतला, जन्म १९५७ चा, सोवेटोचा. कृष्णवर्णीय, समलिंगी आणि वर्णभेदाविरुद्ध लढणारा कार्यकर्ता. त्या देशात तेव्हा जगणं अवघड व्हायला यातली एकच गोष्ट पुरेशी होती, ह्याच्याकडे तिन्ही. १९८३ मध्ये तो 'गे असोसिएशन ऑफ साउथ आफ्रिका' म्हणजे 'गासा'त गेला. तिथे बहुतेक सगळे गोरे. मग त्याने काळ्या सभासदांसाठी 'सॅटर्डे ग्रुप' सुरू केला.

सप्टेंबर १९८४ मध्ये व्हाल भागातल्या काळ्या वस्त्यांत घरभाडेवाढीविरुद्ध उठाव झाला. धरपकडीत न्कोलीही सापडला. पुढे २२ जणांवर देशद्रोहाचा खटला उभा राहिला, तोच डेल्मसचा खटला. शिक्षा फाशीपर्यंत जाऊ शकत होती. आणि गासा? आपली संघटना बिगरराजकीय आहे म्हणत तिने हात वर केले.

इकडे तुरुंगात न्कोलीने सहआरोपींना सांगून टाकलं की मी समलिंगी आहे. काही जण बिथरले. सरकारच्या हाती आयतं कोलीत मिळेल, याचा खटला वेगळा चालवा, असं म्हणू लागले. बरीच वादावादी झाली, पण शेवटी सगळे एकत्रच उभे राहिले. त्यांत पोपो मोलेफे आणि पॅट्रिक लेकोटा यांच्यासारखे चळवळीतले मोठे नेते होते.

१९८८ मध्ये तो निर्दोष सुटला आणि त्याच वर्षी त्याने 'ग्लो' ही सर्व वर्णांच्या समलिंगींची संघटना काढली. १३ ऑक्टोबर १९९० ला तिने जोहान्सबर्गमध्ये मोर्चा काढला, आफ्रिका खंडातला या प्रकारचा पहिलाच. मंडेलांना सुटून जेमतेम आठ महिने झाले होते. वाटाघाटी आणि रक्तपात दोन्ही चालू होतं, उद्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी सुमारे ८०० लोक रस्त्यावर उतरले. ओळख पटू नये म्हणून काहींनी डोक्यात कागदी पिशव्या घातल्या होत्या! न्कोलीचं म्हणणं साधं होतं: माझं काळं असणं आणि समलिंगी असणं वेगळं काढता येत नाही, तर लढे दोन कसे असतील?

ही वेळ चुकीची होती का? मला वाटतं, हीच वेळ बरोबर होती. रिक्वायरमेंट फ्रीज झाल्यावर बदल करून घेणं किती महागात पडतं, ते आपल्याला माहीत आहे. राज्यघटनेचंही तसंच. जुनं मोडून नवं लिहिलं जात असतं तेवढेच दिवस दार उघडं असतं.

आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचं मतही आधीपासून अनुकूल नव्हतं. १९८७ मध्ये लंडनमध्ये रुथ मोम्पाती या नेत्याबाईंनी हा प्रश्न एका मुलाखतीत चक्क झटकून टाकला. परदेशातल्या समर्थकांकडूनच टीका झाली, तेव्हा थाबो एम्बेकींना पत्र लिहून सारवासारव करावी लागली. पण १९९३ च्या अंतरिम घटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई आली, जगात पहिल्यांदाच. १९९६ च्या अंतिम घटनेत ती कायम राहिली. त्यामागे एडविन कॅमेरन यांच्यासारख्या कायदेपंडितांचे युक्तिवाद होतेच. पण आपल्याबरोबर फाशीच्या छायेत उभा राहिलेला माणूस नेत्यांना माहीत होता. त्याला वगळायचं कोणत्या तोंडाने?

९ ऑक्टोबर १९९८ ला तिथल्या घटना न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कायदे रद्द केले. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, ३० नोव्हेंबरला एड्सने न्कोली गेला. समलिंगी विवाहाचा कायदा लागू झाला ३० नोव्हेंबर २००६ ला, बरोबर आठ वर्षांनी.

कायद्याने सगळं मिटलं असं अजिबात नाही. २००८ मध्ये युडी सिमेलाने या लेस्बियन फुटबॉलपटूचा तिथे निर्घृण खून झाला. पण दाद मागायला पायाखाली जमीन तरी आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा फास सैल केला, तेव्हा निकालपत्रात त्या १९९८ च्या निकालाचीही चर्चा होती. विवाहाचा हक्क मात्र २०२३ मध्ये नाकारला, ते काम संसदेचं म्हणून. म्हणजे पुन्हा 'नंतर बघू'. न्कोली 'नंतर'साठी थांबला असता तर १९९३ साली घटनेत ते शब्द आले असते का, याचा विचार करून पाहा.