इंधनपंपातील बिघाड व इंजिनाचा आवाज

टाकीतील पेट्रोल वा डिझेल ओढून ते ठरावीक दाबाने इंजिनाला पुरवणाऱ्या पंपात दोष आल्यास मोटारीच्या आवाजात पडणारा फरक. यांतले पंपाचे स्वतःचे आवाज थोडे; बहुधा कानी येतो तो अपुरे किंवा अवेळी इंधन मिळालेल्या इंजिनाचा. पंप मागच्या सीटखाली आणि खडखड बॉनेटखाली, अशा स्थितीत टॅपेट किंवा टायमिंग चेनवर नाहक खर्च होतो.

अकोला–हिंगोली–नांदेड महामार्गावरील आखाडा बाळापूरसारख्या (ता. कळमनुरी, जि. हिंगोली) बाजारगावी निदान मुख्यतः कानानेच करावे लागते, आणि वाहनांचे सगळे प्रकार तेथे एकाच रस्त्याला असतात.

कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी, तसेच अँबॅसडर, यांचा पंप इंजिनाच्या कुशीलाच बसवलेला असे. कॅमशाफ्टवरील उंचवटा एक दांडी दाबी आणि पडदा वरखाली होऊन पेट्रोल ओढले जाई. ती दांडी किंवा तिची पिन झिजली की टकटक सुरू होते. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो आणि टॅपेटही त्याच गतीने वाजतो, म्हणून दोहोंत फरक करणे अवघड. पडदा फाटल्यास पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि मग टॅपेट व बेअरिंग खरोखरच वाजू लागतात; डिपस्टिकला पेट्रोलचा वास येणे ही याची खूण. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात या पंपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे, इंजिन मिसिंग करी आणि ड्रायव्हर पंपावर ओले फडके ठेवी. हा बिघाड नव्हेच, पण आवाज तोच.

इंजेक्शन पद्धतीच्या पेट्रोल गाड्यांत विजेचा पंप टाकीतच बुडालेला असतो आणि साधारण 3 ते 4 बार दाब देतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद येणारी घरघर नेहमीची. ती चालत्या गाडीत चिरकी होऊन सतत ऐकू आली तर फिल्टर तुंबलेला किंवा मोटर झिजलेली असते. या मोटरीला थंडावा आणि वंगण पेट्रोलच देते, त्यामुळे कायम रिझर्व्हवर गाडी चालवण्याची सवय पंपाला महागात पडते. दाब घटला की मिश्रणात हवा जास्त होते. गाडी झटके मारते, इनटेककडून फटफट येते, आणि भरल्या गाडीने चढ चढताना तापलेले मिश्रण आपोआप पेटून नॉकिंग ऐकू येते. अलीकडच्या इंजिनांत नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडून हा आवाज दडपतो. मालकाला जाणवतो तो फक्त पिकअप गेल्याचा त्रास.

डिझेलची खडखड जन्मजात आहे, कारण इंधन फवारल्यानंतर ते पेटायला क्षणभर वेळ लागतो आणि साठलेले एकदम पेटते. जुन्या पंपाचे टायमिंग पुढे सरकले तर ठोका कडक होतो. नळीच्या सैल जोडातून एअर घेतली तर इंजिन अडखळत बंद पडते. हाताच्या पंपाने एअर काढली की तात्पुरते भागते. कॉमन रेल इंजिनात दाब 1,600 बार किंवा त्याहून अधिक असतो व मुख्य फवाऱ्याआधी थोडे डिझेल सोडून ठोका मऊ केला जातो. दाब डळमळला की हा मऊपणा जातो आणि नवी गाडी जुन्या ट्रॅक्टरसारखी वाजू लागते. अशी पंप-नोझलची कामे टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच करावीत; अंदाजाने स्क्रू फिरवण्यात अर्थ नाही.

भेसळीचा प्रश्न या विषयाला अगदी लागून आहे. रॉकेलचा ऑक्टेन अंक कमी, म्हणून पेट्रोलमध्ये ते नॉकिंग वाढवते. डिझेलमध्ये त्याचे वंगण अपुरे पडून पंपाचे धातूचे भाग एकमेकांवर घासतात. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देतात तो ही भेसळ उघडी पडावी म्हणून. मनमाडजवळ 25 जानेवारी 2011 रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधन भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. धंद्यात किती पैसा होता, ते त्यावरून कळावे.

दुरुस्तीपूर्वी रिले, वायरिंग व फिल्टर पाहून लाइनला प्रेशर गेज लावणे हा खात्रीचा मार्ग. डिझेलच्या उच्चदाब पंपातून सुटलेला धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत गेला असल्यास नुसता पंप बदलून भागत नाही. टाकी, नळ्या, रेल आणि इंजेक्टर सगळेच साफ करावे किंवा बदलावे लागतात.