'दोनदाच जेवतो' म्हणणाऱ्याने पाहुणचार कसा नाकारावा?

'जेवूनच आला असाल ना?' हा पुणेकरांवरचा विनोद जुना आहे. पण खाण्याची सवय बदलू पाहणाऱ्याला पुण्यात नेमकी उलटी अडचण येते. पाण्यामागून चहा येतो, चहामागून बाकरवडी, आणि नको म्हटले की 'एवढंसं तर आहे!'

महाराष्ट्रात हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या आहारपद्धतीमुळे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून त्यांनी ती मांडली. कडक भूक लागेल त्या दोन वेळा जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि मध्ये काही खायचे नाही. प्रत्येक खाण्याने इन्सुलिन वाढते, म्हणून खाण्याच्या वेळाच कमी कराव्यात, असा त्यामागचा युक्तिवाद. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर मात्र थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात; 'दीक्षित की दिवेकर' हा वाद त्यामुळेच रंगला. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. साखर एकदम खाली जाऊ शकते.

दीक्षितांच्या नियमात एक चकलीसुद्धा 'एवढंसं' नसते, ती तिसरे खाणे ठरते. यजमानाला हे ठाऊक नसते. आपल्याकडे पहिला नकार संकोच समजला जातो आणि आग्रह करणे हे यजमानाचे कर्तव्य. म्हणून नुसते 'नको' चालत नाही. 'थोड्या वेळाने घेतो' तर त्याहून वाईट, कारण थोड्या वेळाने बशी खरोखरच पुढे येते. 'उपवास आहे' ही थाप मारणाऱ्यापुढे साबुदाण्याची खिचडी येते, वर दाण्याचा लाडू.

त्यापेक्षा खरे कारण एका वाक्यात, हसून सांगावे: 'काकू, मी हल्ली दोनदाच जेवतो, आता रात्रीच.' लगेच जोडावे, 'पातळ ताक असेल तर द्या.' पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा या पद्धतीत चालतो. पाहुण्याला काहीतरी दिल्याचे समाधान यजमानाला मिळते आणि आग्रहाची धार बोथट होते. इन्सुलिनवर व्याख्यान मात्र देऊ नये. समोरच्याच्या हातात वडा असताना ते फार खुपते. नेहमीच्या घरी जाण्याआधी फोनवरच सांगून टाकावे, म्हणजे पोहे भिजवलेच जात नाहीत. केलेले असतील तर 'डब्यात द्या, रात्री जेवताना खाईन' म्हणावे आणि खरेच खावे. दुसऱ्या दिवशी चव विचारली जाते.

खरी कसोटी गणपतीत आणि संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात लागते. फराळाची बशी नाकारता येते, पण प्रसादाला सरळ 'नको' म्हटलेले घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनाला लागते. प्रसाद हातात घ्यावा, कपाळाला लावावा आणि कागदात बांधून घरी न्यावा. मोदक किंवा तिळाची वडी पुढच्या जेवणाच्या पानात बसते. कोणी 'इथेच खा' म्हणालेच, तर कणभर तोंडात टाकून बाकीचा बांधून घेतला तरी कोणी वाईट मानत नाही.