चावी, दार आणि भीती

मंडळी, भयपटात नायक चुकीचं दार उघडतो आणि आपण खुर्चीत बसून ओरडतो. व्हिडिओ गेममध्ये ते दार आपल्यालाच उघडावं लागतं. ही रीत कशी घडली, ते थोडक्यात पाहू.

1989 साली जपानच्या कॅपकॉम कंपनीने फॅमिकॉमवर ‘स्वीट होम’ आणला. कियोशी कुरोसावा यांच्या त्याच नावाच्या चित्रपटावरून. झपाटलेल्या वाड्यात पाच जण अडकतात. प्रत्येकाकडे एकेक खास वस्तू: चावी, लायटर, कॅमेरा, औषधं, चक्क व्हॅक्यूम क्लीनरसुद्धा! कुणी मेलं की परत येत नाही. मग त्याच्या वस्तूचं काम करणारं दुसरं काहीतरी वाड्यात शोधत फिरा.

हाच धागा धरून 1996 मध्ये शिंजी मिकामींच्या दिग्दर्शनाखाली ‘रेझिडेंट ईव्हिल’ आला. पुन्हा वाडा, पुन्हा बंद दारं. चाव्यांवर तलवार, चिलखत, ढाल, शिरस्त्राण अशी चिन्हं. ख्रिसला सहाच वस्तू जवळ ठेवता येतात, जिलला आठ. खेळ जतन करायचा तर टाइपरायटर हवा आणि शाईची रिबनही. ती मोजकीच मिळते.

आता बघा, गोळ्या घ्याव्यात की चावीसाठी जागा ठेवावी? रिबन आत्ता वापरावी की पुढच्या दारापलीकडे? झाँबी दिसण्याआधीच हा हिशेब सुरू होतो, आणि खरी धडधड तिथेच असते. चावी सापडली तरी सुटका नाही. तिचं दार मागे राहिलेलं असतं, आणि वाटेत तोच कॉरिडॉर, जिथून आपण मघाशी पळालो होतो.