धूरवाटेपासून नळीच्या वेढ्यापर्यंत

घराची जमीन खालून तापवून खोली उबदार ठेवण्याच्या पद्धतीत दोन हजार वर्षांत इंधन आणि साधने बदलत गेली, तरी उष्णता वाहून नेणारी वाट किती लांब असावी, हा प्रश्न प्रत्येक काळातील कारागिरांपुढे उभा राहिला.

रोमन स्नानगृहांची जमीन विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे आणि भट्टीतील तप्त वायू त्या पोकळीत फिरत; या रचनेला ‘हायपोकॉस्ट’ म्हणतात. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने ज्वाळा आतवर पसराव्यात म्हणून पोकळीचा तळ भट्टीकडे उतरता ठेवण्यास सांगितले आहे.

कोरियातील ‘ओन्दोल’ या पद्धतीत चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या दगडी फरशीखालील वाटांतून जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडे. वाटेत त्याची उष्णता सरत जाई, त्यामुळे चुलीकडील भाग (‘आरेनमोक’) उबदार आणि दूरचा भाग (‘विनमोक’) थंड राही. वडीलधाऱ्यांना व पाहुण्यांना आरेनमोकवर बसवण्याचा शिष्टाचार यातूनच दृढ झाला. विसाव्या शतकात लाकडाची जागा दगडी कोळशाच्या वड्यांनी घेतली, तेव्हा फरशीच्या भेगांतून झिरपणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने अनेकांचे प्राण घेतले, आणि पुढे धुराऐवजी नळ्यांतून गरम पाणी खेळवणे सार्वत्रिक झाले.

अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना टोकियोतील एका कोरियन खोलीत या उबेची ओळख झाली आणि १९३७ मध्ये पूर्ण झालेल्या मॅडिसन येथील जेकब्स यांच्या घरात त्यांनी काँक्रीटच्या जमिनीखाली नळ्या घातल्या. धातूच्या नळ्या गंजत आणि त्यांचे सांधे गळत. १९६० च्या दशकाअखेरीस युरोपात विकसित झालेल्या ‘पेक्स’ या प्लास्टिकच्या नळीमुळे संपूर्ण वेढा बिनसांध्याचा घालता येऊ लागला.

सांध्यांची अडचण संपली, तरी लांबीची मर्यादा उरलीच. वेढा दुप्पट लांब केला आणि तेवढीच ऊब हवी असली, तर पाण्याचा प्रवाहही दुप्पट लागतो व दाबाची घट सुमारे सात पट होते. म्हणून १६ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा वेढा साधारणपणे १०० मीटरच्या आत ठेवतात. नळ्यांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर असल्यास २४ चौरस मीटरच्या खोलीला १६० मीटर नळी लागते. ती ८० मीटरच्या दोन वेढ्यांत विभागून, पाणी वाटणाऱ्या जोडनळापर्यंत (मॅनिफोल्डपर्यंत) जाण्यायेण्याचे १० मीटर प्रत्येकी धरले, तर ९० मीटरचे दोन समान वेढे होतात. जाणारी गरम आणि परतणारी निवलेली नळी शेजारी ठेवून गोगलगायीच्या शंखासारखी मांडणी केल्यास जमीन जवळजवळ सारखी तापते, त्यामुळे आरेनमोक-विनमोक या भेदाचा भौतिक आधारच नाहीसा होतो. वेढ्यांच्या लांबीत मोठी तफावत असेल, तर पाणी आखूड वेढ्याकडे अधिक धावते. म्हणून नळी अंथरण्यापूर्वीच प्रत्येक वेढ्याची लांबी आराखड्यावर ठरवणे आवश्यक असते.