तेलाचे पिंप ते समुद्राचा साक्षीदार : खोल बुडी मारणाऱ्या सीलचा इतिहास

१/२२
मांजरेच्या खोऱ्यात, केजच्या परिसरात, विहिरीची खोली परसांत सांगण्याची जुनी रीत आहे. एक परस म्हणजे ढोबळमानाने एका पुरुषाची उंची. दहा परस विहिरीच्या तळाला हात लावून वर येणारा पोहणारा गावात नाव कमावतो. आजचा धागा सव्वातीनशे परस खोल बुडी मारून बर्फातील त्याच भोकातून वर येणाऱ्या प्राण्याविषयी आहे. माणसाने त्याच्या जातभाईंना आधी मारले, मग त्याला मोजले आणि अखेरीस समुद्र कसा वाचावा हे त्यांच्याकडूनच शिकून घेतले.

२/२२
हा प्राणी म्हणजे अंटार्क्टिकाचा वेडेल सील. लांबी सुमारे तीन मीटर, वजन चारशे-पाचशे किलो. जगातील कोणताही सस्तन प्राणी (माणूस सोडून) इतक्या दक्षिणेला वंशवृद्धी करीत नाही. भारताच्या किनाऱ्यावर सील वसत नाहीत. तरीही या कथेचा एक धागा गोव्याच्या मुरगाव बंदरातून आणि औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातून जातो. तेथवर पोहोचण्यासाठी प्रथम अडीचशे वर्षे मागे जाऊ.

३/२२
जानेवारी १७७५. कॅप्टन जेम्स कुक दक्षिण जॉर्जिया बेटावर उतरला. बर्फाने झाकलेली ती भूमी त्याला निरुपयोगी वाटली. परंतु किनाऱ्यावर सील विपुल आहेत, ही नोंद त्याने केली. ती नोंद छापली गेली आणि शिकारी गलबतांना पत्ता मिळाला. पुढल्या दहा-बारा वर्षांतच तेथे कत्तलीला आरंभ झाला.

४/२२
मागणी दोन वस्तूंची होती. फर-सीलचे मऊ कातडे चीनमधील कँटनच्या बाजारात विकले जाई आणि त्या बदल्यात चहा, रेशीम मिळे. हत्ती-सीलच्या चरबीपासून तेल निघे. ते दिव्यांत जळे आणि यंत्रांना वंगण म्हणून लागे. १८००-०१ च्या एका हंगामात एडमंड फॅनिंग या अमेरिकन कप्तानाच्या ‘अस्पेशिया’ जहाजाने दक्षिण जॉर्जियातून ५७,००० कातडी नेली.

५/२२
१८१९ मध्ये दक्षिण शेटलंड बेटांचा शोध लागला. १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत तेथे सुमारे ३,२०,००० फर-सील मारले गेले, असा अंदाज तत्कालीन शिकारी कप्तान जेम्स वेडेल याने नोंदवला. दक्षिण जॉर्जियातून तोवर गेलेल्या कातड्यांचा त्याचा आकडा होता सुमारे बारा लाख. बेटे सापडली आणि तीन-चार हंगामांत रिकामी झाली. शिकाऱ्यांनी नवी बेटे गुप्त ठेवण्याचा प्रयत्न केला, तो याच कारणाने.

६/२२
वेडेल स्वतः याच धंद्यातला होता, म्हणून त्याची साक्ष मोलाची. माद्या किनाऱ्यावर येताच मारल्या जातात, मागे राहिलेली पिले उपाशी मरतात, म्हणजे एका कातड्यापायी दोन जीव जातात, हे त्याच्या ध्यानात आले होते. नियम पाळून शिकार केली असती तर त्या बेटांनी दरवर्षी एक लाख कातडी दिली असती, असा हिशेब त्याने १८२५ च्या आपल्या ग्रंथात मांडला. हा करुणेचा नव्हे, व्यापाऱ्याचा हिशेब; परंतु मुद्दल खाऊन व्याज मिळत नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

७/२२
याच वेडेलने २० फेब्रुवारी १८२३ रोजी ‘जेन’ आणि ‘बोफॉय’ या दोन लहान जहाजांसह ७४° १५′ दक्षिण अक्षांश गाठला. तोवर इतक्या दक्षिणेला कोणीच गेले नव्हते. त्या समुद्राला पुढे त्याचे नाव मिळाले. दक्षिण ऑर्कनी बेटांवर त्याला ठिपकेदार अंगाचा एक वेगळा सील आढळला. त्याचे नमुने एडिंबरोला पोहोचले आणि १८२६ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ रने लेसाँ याने त्या जातीला वेडेलचे नाव दिले. शिकाऱ्याचे नाव आजही सीलच्या अंगाखांद्यावर आहे.

८/२२
वेडेल सील मात्र फर-सीलसारखा संहारातून गेला नाही. कारण साधे : त्याच्या अंगावर बाजाराला हवी तशी दाट फर नव्हती आणि त्याचे घर किनाऱ्याला चिकटलेल्या समुद्रबर्फात, जहाजांच्या आवाक्याबाहेर होते. त्याला वाचवले ते कोणत्या कायद्याने नव्हे. बाजारभावाने आणि बर्फाने. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

९/२२
विसाव्या शतकाच्या आरंभी ध्रुवीय मोहिमा आल्या, तेव्हा सील हे माणसांचे आणि कुत्र्यांचे अन्न ठरले. १९१५ मध्ये शॅकल्टनचे ‘एंड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्रातील बर्फात चिरडले गेले. त्याचे सहकारी तरंगत्या बर्फावर महिनोन्महिने जगले ते सील आणि पेंग्विन यांच्या मांसावर. चूलही चरबीवरच पेटे. तोवर माणसाला सीलच्या शरीराची किंमत पुरेपूर कळली होती. ते शरीर पाण्याखाली काय करते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

१०/२२
ही कोंडी फोडली जेराल्ड कूयमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने. १९६३-६४ च्या सुमारास मॅकमर्डो सामुद्रधुनीतील जाड बर्फाला त्याने एक भोक पाडले. दुसरे कोणतेही भोक जवळपास नसेल अशा ठिकाणी. मग वेडेल सीलच्या पाठीवर एक उपकरण बांधून त्याला त्या भोकातून सोडले. श्वास घ्यायचा तर सीलला तेथेच परतणे भाग होते. उपकरणात होते काय? स्वयंपाकघरातले घड्याळी टायमर, दाब मोजणारी नळी आणि काजळी धरलेली काच. सील जसजसा खोल जाई, तसतशी काजळीवर रेघ उमटे.

११/२२
त्या रेघेने १९६६ मध्ये जगाला चकित केले : खोली ६०० मीटर, बुडीचा काळ ४३ मिनिटे. पुढे याच जातीच्या ९०० मीटरहून खोल आणि ऐंशी मिनिटांहून दीर्घ बुड्यांची नोंद झाली. परंतु खरे परिवर्तन आकड्यांत नव्हे, रीतीत होते. मारलेला सील तेल देतो आणि संपतो. जिवंत परत येणारा सील माहिती देतो आणि पुन्हा बुडी मारतो. शास्त्राला प्रथमच सीलच्या परतण्याची गरज पडली.

१२/२२
हे त्याला साधते कसे? माणूस छाती भरून हवा घेतो आणि सूर मारतो. सील उलट करतो : बुडीपूर्वी तो श्वास बराचसा सोडून देतो. सुमारे २५ ते ५० मीटर खोलीवर त्याची फुप्फुसे दाबाने मिटतात. त्यामुळे नायट्रोजन रक्तात मुरत नाही आणि वर येताना पाणबुड्यांना होणारा जीवघेणा विकार त्याला होत नाही. प्राणवायूचा साठा फुप्फुसात नसतो. तो असतो रक्तात आणि स्नायूंत. वजनाच्या मानाने त्याचे रक्त माणसाच्या सुमारे दुप्पट, आणि स्नायूंत मायोग्लोबिन इतके की मांस काळपट दिसते.

१३/२२
साठ्याहून महत्त्वाची आहे काटकसर. बुडी मारताच हृदयाचे ठोके मंदावतात, रक्त मुख्यतः मेंदू व हृदयाकडे वळते, उरलेले अवयव थोड्यावर भागवतात. साधारण वीस-पंचवीस मिनिटांपर्यंतची बुडी ‘रोखीत’ होते. त्यापुढे स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठू लागते, म्हणजे उधारी सुरू होते, आणि वर आल्यावर तिची फेड दीर्घ विश्रांतीने करावी लागते. म्हणूनच वेडेल सीलच्या बहुतेक बुड्या या मर्यादेच्या आत असतात. विक्रमी बुडी तो रोज मारीत नाही. कर्ज काढून रोजचा संसार चालत नाही.

१४/२२
खाली तो रुपेरी मासे, माखळीवर्गीय प्राणी आणि मोठे टूथफिश पकडतो. हिवाळ्यातही तो बर्फाच्या कडेला न पळता बर्फाखालीच राहतो. त्यासाठी श्वासाचे भोक उघडे ठेवावे लागते; पुढे झुकलेल्या दातांनी तो बर्फ खरवडत राहतो. वर्षानुवर्षांच्या या घासण्याने दात झिजतात, आणि झिजलेल्या दातांचा सील ना नीट शिकार करू शकतो ना भोक राखू शकतो. जे दात त्याला श्वास देतात, तेच त्याच्या आयुष्याची मर्यादा ठरवतात.

१५/२२
प्रजननही याच भोकांभोवती घडते. दक्षिणेकडील वसंतात, मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मादी बर्फावर एका पिलाला जन्म देते. जन्मतः पिलू २५ ते ३० किलोचे. आईच्या दुधात निम्म्याच्या आसपास स्निग्धांश. सहा-सात आठवड्यांत पिलू शंभर किलोच्या घरात जाते आणि आई आपल्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गमावते. दोन आठवड्यांचे होताच ती त्याला पाण्यात उतरवते. नर बर्फाखाली, भोकांजवळच्या पाण्यात आपापला इलाका राखतात. त्यांच्या थरथरत्या शिट्ट्या बर्फावर उभ्या माणसालाही ऐकू येतात. मीलन पाण्यातच होते. गर्भ आठवडेच्या आठवडे थांबून मग रुजतो, म्हणून पुढचे पिलू पुन्हा वसंतातच जन्मते.

१६/२२
हे ज्ञान कायद्यात कसे उतरले ते पाहा. १ जून १९७२ रोजी लंडन येथे अंटार्क्टिक सील संरक्षण करार झाला; तो १९७८ मध्ये अमलात आला. त्याने रॉस सील, हत्ती-सील आणि फर-सील यांना पूर्ण संरक्षण दिले. वेडेल सीलसाठी वर्षाला ५,००० ही कमाल मर्यादा घातली आणि १ सप्टेंबर ते ३१ जानेवारी या विणीच्या काळात प्रौढांना हात लावण्यास मनाई केली. समुद्रबर्फावर व्यापारी शिकार सुरू होण्याआधीच तिला वेसण घातली गेली. वेडेल कप्तानाचा हिशेब दीडशे वर्षांनी मान्य झाला.

१७/२२
आता गोवा. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ‘पोलर सर्कल’ जहाजाने गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३ च्या ऑगस्टमध्ये भारत अंटार्क्टिक करारात सामील झाला. म्हणजे आपण तेथे पोहोचलो तेव्हा सीलच्या तेलाचे युग सरले होते. आपले नाते प्रथमपासून संशोधनाचे राहिले.

१८/२२
१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत दोन स्त्रिया होत्या : भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या भारतीय महिला. अदिती पंत यांचा जन्म १९४३ मध्ये नागपूरचा. औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील मुत्सद्दी आप्पासाहेब पंत यांच्या त्या कन्या. पुणे विद्यापीठ, हवाई, लंडन असा शिक्षणाचा प्रवास करून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. त्यांचा विषय होता समुद्रातील सूक्ष्म वनस्पती. सीलच्या ताटातला मासा ज्या अन्नसाखळीच्या टोकाला आहे, तिची पहिली कडी हीच.

१९/२२
१८ मार्च २०१२ रोजी भारताचे ‘भारती’ केंद्र पूर्व अंटार्क्टिकातील लार्समन टेकड्यांवर, प्रिड्झ उपसागराच्या काठी कार्यान्वित झाले. तेथील किनाऱ्यालगतच्या समुद्रबर्फावर ऑक्टोबरपासून वेडेल सील वितात आणि डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत केस गाळण्यासाठी पहुडतात. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या दोन्ही केंद्रांचे संचालन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. सीलचे बाळंतघर आता आपल्या शेजारी आहे.

२०/२२
याच प्रिड्झ उपसागरात सीलने विज्ञानाला मोठे दान दिले. येथे काम आले हत्ती-सील : दोन हजार मीटरहून खोल जाणारे आणि आयुष्याचा बहुतांश काळ समुद्रात घालवणारे. त्यांच्या डोक्यावरील केसांना एक छोटे उपकरण चिकटवतात. प्रत्येक बुडीत ते पाण्याचे तापमान, क्षारता आणि दाब टिपते. सील श्वासाला वर आला की माहिती उपग्रहाकडे जाते. वर्षाकाठी केस गळतात तेव्हा उपकरणही गळून पडते. हिवाळ्यात जेथे जहाज शिरू शकत नाही, तेथे सील शिरतो.

२१/२२
२०१३ मध्ये जपानी शास्त्रज्ञ के ओहशिमा आणि सहकाऱ्यांनी प्रिड्झ उपसागराच्या पश्चिमेस, केप डार्नलीजवळ, अतिथंड व जड पाणी तळाकडे घरंगळते हे दाखवले. अंटार्क्टिक तळपाण्याचा हा चौथा उगम. पुराव्यात सीलनी आणलेल्या नोंदी होत्या. २०१६ मध्ये सीलच्याच नोंदींवरून दिसले की वितळणाऱ्या हिमस्तरांचे गोडे पाणी प्रिड्झ उपसागरातील ही प्रक्रिया मंदावते. तळपाणी महासागरांच्या खोल भागाला गारवा आणि प्राणवायू पुरवते. आपल्या हिंदी महासागरालाही. मोसमी वाऱ्यांना पाणी देणाऱ्या त्या महासागराच्या तळाची खबर आज सील आणतो.

२२/२२
मग धोका टळला काय? नाही. उपग्रहचित्रांवरून, तीन लाखांहून अधिक स्वयंसेवकांच्या मदतीने केलेल्या गणनेत वेडेल सीलच्या माद्या सुमारे दोन लाख भरल्या. हा आकडा जुन्या अंदाजांहून बराच कमी आहे. एकेकाळी त्याला बर्फाने वाचवले, आज तोच बर्फ भरवशाचा उरलेला नाही. आणि टूथफिशची मासेमारी त्याच्या ताटाला हात घालते. भारताने २०२२ मध्ये अंटार्क्टिक कायदा करून तेथील प्राण्यांना विनापरवाना मारणे वा त्रास देणे गुन्हा ठरवले. दक्षिणी समुद्रातील मासेमारीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचाही भारत सदस्य आहे. म्हणजे त्या निर्णयात आपला एक आवाज आहे. कुकच्या एका नोंदीने लाखो सील मेले. आज सील स्वतः नोंदी आणून देत आहेत. त्या वाचून काय करायचे, हे आपल्या पिढीच्या हाती आहे.