माळ मूळची कोणाची?

वरसोलीच्या विठोबाची कार्तिकातली जत्रा तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केली असेल. खेळणी, मिठाई, भांडी मागे टाकली की देवळाच्या अंगाला माळावाला बसलेला दिसतो. तुळस, रुद्राक्ष, स्फटिक, सगळे एका चादरीवर. तिथे एका तरुण पोराने मला गाठले. कोळीवाड्यातला. गळ्यात नवी तुळशीची माळ, अंगात नवा जोर. म्हणाला, "बुवा, माळ आपली. मुसलमानाने घेतली, किरिस्तावाने घेतली, ती आपल्याकडूनच. तुम्ही कीर्तनात हे ठणकावून का सांगत नाही?"

मी म्हटले, बस. सांगतो, पण ठणकावून नाही.

पोराचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जपाची माळ आधी भारतात आली आणि मग पश्चिमेला गेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण 'आपली' म्हणजे नक्की कोणाची? आपल्या माळेचे 108 मणी आणि वर मेरुमणी. अंगठा आणि मधले बोट चालवायचे, तर्जनी लावायची नाही, मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. 108 का? कोणी म्हणतो, 27 नक्षत्रे आणि प्रत्येकाचे 4 चरण. कोणी म्हणतो, दिवसरात्रीत माणसाचे श्वास 21,600, म्हणजे बरोबर 200 माळा. जैनांना विचारा, ते सांगतील पंचपरमेष्ठींचे गुण 108. बौद्धांची माळही 108 चीच. आकडा एक, कारणे चार, आणि यावरून कोणाचे भांडण झालेले मी तरी ऐकले नाही.

आता जरा आपल्याच किनाऱ्याने चला माझ्याबरोबर. वरसोलीच्या उत्तरेला थळ, त्यापुढे नवगाव. बेने इस्रायल लोकांचे पूर्वज गलबत फुटून इथे किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, असे ते पिढ्यानपिढ्या सांगत आले. इथे त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आडनावे पाहा: किहीमकर, पेणकर, रोहेकर. या लोकांत जपमाळ नाही! प्रार्थनेच्या शालीला चार कोपऱ्यांना गोंडे असतात. एका गोंड्याचे 8 धागे, 5 गाठी, आणि गोंड्याला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे त्याच्या अक्षरांची किंमत 600. बेरीज 613, तेवढ्याच त्यांच्या धर्माच्या आज्ञा. म्हणजे मणी नाही, पण मोजणे आहेच. आणि गंमत ऐका. 1880 च्या सुमारास याच लोकांनी मराठीत कीर्तने करायला सुरुवात केली. थाट आपला, आख्यान त्यांच्या अब्राहामाचे नाही तर योसेफाचे. त्यांनी आपले कीर्तन घेतले. घेतले म्हणून आपल्याकडचे कमी झाले का?

मागे वळा, अलिबाग, नागाव करत चौलला या. अरब याला सैमूर म्हणत. अल मसुदी नावाचा प्रवासी हिजरी 304 मध्ये, म्हणजे 916 च्या आसपास, इथे आला. त्याने लिहून ठेवले की इथे दहा हजारांच्या घरात मुसलमान राहतात आणि राजा त्यांना मानाने वागवतो. त्यांची माळ तसबीह. 99 मणी, किंवा 33 ची तीन वेळा फिरवायची. पण त्यांच्यातही काही जण माळ धरत नाहीत. बोटांवर मोजा, असे पैगंबरांनी सांगितल्याचे ते म्हणतात. आपल्याकडे करमाळ नाही का, पेरांवर जप करायची? तसेच.

याच चौल बंदरात 1469 च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला. अफानासी निकितिन. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे, बघून या. जवळ विकायला एक घोडा. वाटेत लुटारूंनी त्याची धर्माची पुस्तके नेली होती. पुस्तक नाही, पंचांग नाही, धर्माचा सोबती नाही. त्याने कबूल केले आहे, मला आता माझे सण कळत नाहीत, उपासाचा वार कोणता तेही कळत नाही. अंदाजाने त्याने उपास धरले. घाट चढून जुन्नरला गेला तर तिथल्या खानाने घोडा काढून घेतला. म्हणाला, आमच्या धर्मात ये, घोडा देतो, वर हजार मोहरा देतो. निकितिन रडकुंडीला आला, पण गेला नाही. शेवटी घोडा कोणी सोडवून दिला? एका खोरासानी मुसलमानानेच, खानाकडे रदबदली करून.

या माणसाची वही मायदेशी पोहोचली, तो स्वतः गावी पोहोचण्याआधीच वारला. त्या वहीच्या शेवटी प्रार्थना आहे, आणि तिच्यात अल्लाची नावे एकामागून एक लिहिलेली आहेत! हजार मोहरांना न बधलेल्या माणसाने ती लिहिली. पंडित यावर काय वाद घालायचा तो घालोत. मला वाटते, मोजणी सुटली तरी बोट रिकाम्या जागी मणी शोधत राहते, तसे ते आहे.

खाडीच्या पुलावरून साळाव गाठले की कोर्लई. पोर्तुगीज 1740 मध्ये गेले, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेचा एक प्रकार अजून घरात बोलला जातो. त्यांच्या माळेत दहा दहा मण्यांचे पाच गट. मूळ स्तोत्रे 150. ज्याला वाचता येत नव्हते त्याने 150 वेळा साधी प्रार्थना म्हणायची, ही सोय. एका फेरीत त्याचा तिसरा हिस्सा होतो, म्हणून गोव्याकडे त्याला तेर्स म्हणतात. आणि इंग्रजीत मण्याला जो 'बीड' शब्द आहे, त्याचा जुना अर्थच प्रार्थना. निरक्षर माणसाची पोथी म्हणजे माळ, हे इथे फार उघड दिसते.

इतके सांगून मी त्या पोराला म्हटले, "अरे, ही सगळी हातातली माळ झाली, मोजायची. तुझी आहे गळ्यातली, पाळायची. एकादशी, वारी, आणि ताटातली मासळी सुटली. बाप होडीवर जातो ना? घरात कसे चालते?"

पोराचा आवाज खाली आला.

"आई माझ्यासाठी तवा वेगळा ठेवते, बुवा. पण बोंबील भाजायला घेतले की मी ओट्यावर जाऊन बसतो."